कुलूप घडवणारे इमाम : उशिरा शिकू लागणाऱ्यांसाठी एक दर्स





आपल्या मोहल्ल्यात एखाद्या घरी कुरआनखानी असते तेव्हा तीस पारे बैठकीच्या मध्यभागी ठेवले जातात. जमलेला प्रत्येक जण एकेक पारा उचलतो आणि वाचू लागतो. अशा बैठकीत दोन-चार माणसे अशी असतात की त्यांचे ओठ हलत असतात, बोट ओळींवरून फिरत असते, पानेही वेळेवर उलटली जात असतात. परंतु वाचन होत नसते. त्यांना वाचता येत नाही. बालपणी मकतब अर्ध्यावर सुटला, मग पोटापाण्याच्या मागे आयुष्य गेले, आणि आता पन्नाशी उलटल्यावर ही गोष्ट सांगावी तरी कोणाला? त्यापेक्षा पाने उलटणे सोपे वाटते.

आजचा दर्स अशा माणसांसाठी आहे. ज्यांना वाचता येते परंतु ज्यांचे दुसरे काही राहून गेले आहे, त्यांच्यासाठीही आहे. कोणाचे शिक्षण राहिले, कोणाची नमाज राहिली, कोणाला आपल्या अंगी काय आहे हे वयाच्या चाळिशीत समजले. समवयस्क पुढे निघून गेले आणि आपण मागे राहिलो, ही भावना मनुष्याला आतून पोखरते. तिच्याविषयी दीन काय सांगतो, ते पाहू.

प्रारंभी माझी स्वतःची एक चूक सांगणे अगत्याचे आहे.

आमच्या जमातीतील एक चाचा आखाती देशात २६ वर्षे वेल्डिंगचे काम करून कोकणात गावी परतले. तीन मुलींचे विवाह, भावाचे घर, आईचे आजारपण, हे सर्व त्या हातांनी पेलले होते. त्या हातांच्या पंजांवर ठिणग्यांचे डाग आजही आहेत. एके रात्री इशाच्या नमाजनंतर सर्व लोक गेल्यावर ते माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “मौलाना, मला कुरआन वाचता येत नाही. आई गेली तेव्हा तिच्यासाठी एक यासीनही पाहून वाचता आली नाही. या वयात होईल का हो?”

मी आनंदाने म्हणालो, “का नाही होणार, चाचा? उद्या सकाळी मकतबमध्ये या.”

ते आले. मी त्यांना मुलांच्या रांगेत बसवले आणि कायद्याचे पहिले पान उघडून दिले. ‘से’ आणि ‘सीन’ यांचा उच्चार त्यांच्याकडून एकसारखाच झाला. सात वर्षांच्या एका मुलाने त्यांना दुरुस्त केले आणि सारी रांग हसली. मीही मुलांना रागावलो नाही. किंबहुना माझ्याही चेहऱ्यावर स्मित उमटले असावे. दुसऱ्या दिवशी चाचा आले नाहीत. पुढे कित्येक आठवडे ते जमातच्या नमाजला शेवटच्या सफमध्ये उभे राहत आणि सलाम फिरताच निघून जात. ज्या माणसाने २६ वर्षे परदेशातल्या उन्हात लोखंड जोडले, त्याची उमेद मी एका सकाळी मोडली होती.

माझी चूक मला उमगली ती पुन्हा एकदा एक जुने चरित्र वाचताना.

मर्वचा कारागीर

आजच्या तुर्कमेनिस्तानात मर्व नावाचे प्राचीन नगर होते. हिजरी चौथ्या शतकात तेथे अबू बक्र अब्दुल्लाह बिन अहमद नावाचा एक कारागीर कुलुपे घडवत असे. अरबीत कुलपाला ‘कुफ्ल’ म्हणतात आणि कुलूप घडवणाऱ्याला ‘कफ्फाल’. तेच त्याचे नाव पडले. इस्लामी इतिहासात हे नाव इमाम कफ्फाल मर्वजी म्हणून अजरामर आहे. (शाश नगरचे इमाम कफ्फाल हे त्यांच्यापूर्वीचे दुसरे विद्वान होत, दोघांत गल्लत होऊ नये.)

प्रवासी आणि विद्वान याकूत हमवी यांनी आपल्या ‘मुअजमुल बुलदान’ या भूगोलकोशात मर्वच्या नोंदीत त्यांची हकिकत दिली आहे. तिचा सारांश असा. एका कारागिराने अत्यंत लहान व हलके कुलूप घडवले आणि त्याची चहूकडे वाहवा झाली. ते ऐकून अबू बक्र यांनी त्याच्या चतुर्थांश वजनाचे कुलूप घडवले. लोकांनी ते पाहिले, चांगले म्हटले आणि विसरून गेले. अबू बक्र खिन्न झाले. त्यांनी एका मित्राजवळ तक्रार केली की, त्याचे एवढे नाव झाले आणि मी त्याहून सरस काम करूनही माझे नाव कोणी घेत नाही. मित्राने उत्तर दिले की, नाव कुलपांनी होत नसते, ते इल्मने होते.

हा शब्द त्यांच्या मनात रुतला. याकूत यांच्या म्हणण्याप्रमाणे त्या वेळी त्यांचे वय ४० होते. इमाम जहबी यांनी ३० दिले आहे. कोणतेही वय धरले तरी त्या काळाच्या मानाने हा विलंबच होता. त्या काळी मुले दहाव्या-बाराव्या वर्षी कुरआन मुखोद्गत करून हदीसच्या हलक्यांत बसत असत. येथे एक प्रौढ मनुष्य, हातात घट्टे, गाठीला धंदा, आणि इल्मच्या नावाने पाटी कोरी.

तीन शब्द आणि एक शेजारीण

ते मर्वमधील एका शेखकडे गेले आणि आपली इच्छा सांगितली. शाफई फिक्हमध्ये इमाम मुजनी यांचा संक्षिप्त ग्रंथ त्या काळी पायाभूत मानला जाई. शेखने त्याच्या आरंभीचे केवळ तीन शब्द त्यांना पाठ करण्यास दिले.

अबू बक्र घरी आले, गच्चीवर चढले आणि इशापासून पहाटेपर्यंत तेच तीन शब्द घोकत राहिले. पहाटे डोळा लागला. जागे झाले तेव्हा तिन्ही शब्द विसरले होते! त्यांचे मन दाटून आले. आता शेखसमोर कोणत्या तोंडाने जावे? अशा अवस्थेत ते घराबाहेर पडले, तोच शेजारच्या एका स्त्रीने त्यांना हटकले आणि तक्रार केली की, रात्रभर अमुक अमुक म्हणत तुम्ही आम्हाला झोपू दिले नाही. आणि तिने ते तिन्ही शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवले.

ज्या शब्दांसाठी ते रात्रभर जागले, ते शेजारणीच्या तोंडून त्यांना परत मिळाले. ते शेखकडे गेले आणि घडलेला प्रकार काहीही न लपवता सांगितला. शेख हसले नाहीत आणि परत जा असेही म्हणाले नाहीत. त्यांनी धीर दिला की, यामुळे थांबू नकोस. पाठांतराचा नेम धरलास की ते अंगवळणी पडेल.

पुढे काय झाले, ते इतिहास सांगतो. हाच कारागीर खुरासानमधील शाफई विद्वानांचा अग्रणी झाला. पुढे इमाम झाल्यावर ते स्वतःच सांगत की, मी शिकण्यास आरंभ केला तेव्हा अरबीतील ‘मी संक्षेप केला’ आणि ‘तू संक्षेप केलास’ या दोन रूपांतील भेदही मला कळत नव्हता. अरबीत हा भेद शेवटच्या अक्षरावरील एका स्वरचिन्हाचा असतो. जे मकतबमधील मूल जाणते ते आपण जाणत नव्हतो, हे त्यांनी शिष्यांपासून लपवले नाही. त्यांचे शिष्य अबू मुहम्मद जुवैनी यांनी सांगितले आहे की, एकदा इमामांनी आपला हात पुढे केला तेव्हा पंजाच्या मागील बाजूस कष्टाचे वण दिसले. इमाम म्हणाले की, या माझ्या तरुणपणीच्या कामाच्या खुणा आहेत.

हे अबू मुहम्मद जुवैनी म्हणजे इमामुल हरमैन जुवैनी यांचे पिता, आणि इमामुल हरमैन हे इमाम गजाली यांचे गुरू. इमाम कफ्फाल यांचे निधन हिजरी ४१७, म्हणजे इसवी सन १०२६ मध्ये झाले. त्यांनी ज्या खुरासानी परंपरेचा पाया घातला, तिच्यातील आणि इराकी परंपरेतील मतांची छाननी करून पुढे इमाम राफई आणि इमाम नववी यांनी शाफई फिक्ह व्यवस्थित केली. कोकणातील बहुसंख्य मुस्लिम कुटुंबे शाफई आहेत. वुजू, नमाज, जकात यांचे जे मसाइल रत्नागिरी, रायगडच्या घरांतून आजी नातवंडांना सांगते, ते ज्या मार्गाने आपल्यापर्यंत आले, त्या मार्गावर पहिले तीन शब्द विसरलेला एक कुलूपवाला उभा आहे. तो त्या पहाटे लाजून घरीच बसला असता तर?

आडवे काय येते?

वाचकहो, या हकिकतीत एक गोष्ट विशेष लक्ष देण्यासारखी आहे. वयामुळे इमाम कफ्फाल यांची स्मरणशक्ती कमी पडली, हे खरे आहे. तीन शब्द एका रात्रीत निसटले. परंतु त्यांची खरी कसोटी गच्चीवर झाली नाही, शेखच्या दारात झाली. पाठ झाले नाही हे सांगायचे की मागच्या मागे निघून जायचे, हा तो क्षण होता. उशिरा आरंभ करणाऱ्या प्रत्येकाच्या आयुष्यात तो येतो, आणि बहुतेक जण तेथूनच परत फिरतात. स्मरणशक्ती हळूहळू साथ देऊ लागते; संकोच मात्र पहिल्याच दिवशी दार लावून घेतो.

इमाम बुखारी (रह.) यांनी आपल्या ‘सहीह’च्या इल्मविषयक भागात या संकोचावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. त्यात ताबिई विद्वान मुजाहिद (रह.) यांचे मत नोंदवले आहे की, दोन प्रकारचे लोक इल्मपासून वंचित राहतात : जो लाजतो तो आणि जो गर्व करतो तो. तेथेच हजरत आयशा (रजि.) यांनी अन्सारी स्त्रियांची केलेली प्रशंसा आहे, दीन समजून घेताना त्या स्त्रियांना लज्जा आडवी आली नाही.

येथे कोणी म्हणेल की, हया तर ईमानचा भाग आहे. होय, निश्चित आहे. परंतु जी हया मनुष्याला वाईट कृत्यापासून अडवते ती ईमानची शाखा होय. जी भलाईपासून अडवते तिला हया म्हणणे हा शब्दाचा गैरवापर आहे. किंचित खोलवर पाहिल्यास तिच्यात गर्वाचाच अंश सापडतो : मी एवढा मोठा, चार लोकांत माझा मान, आणि मी अलिफ-बे गिरवू? मुजाहिद (रह.) यांनी लाजाळू आणि गर्विष्ठ यांना एकाच वाक्यात बसवले, त्यामागील मर्म हेच असावे.

याच ग्रंथात इमाम बुखारी एक गोष्ट आवर्जून नमूद करतात. हजरत उमर (रजि.) यांचा उपदेश होता की, नेतेपद मिळण्यापूर्वी इल्म संपादन करा. त्याला जोडून इमाम बुखारी म्हणतात की, नेतेपद मिळाल्यानंतरही करा, कारण प्रेषित (स.) यांच्या सहाबांनी मोठ्या वयातच इल्म संपादन केले. खरोखर, ते कोणत्या मकतबमधून आले होते? कोणी व्यापारी होते, कोणी गुलाम, कोणी मेंढपाळ. हजरत खालिद बिन वलीद आणि हजरत अम्र बिन आस (रजि.) हिजरी ८ पर्यंत इस्लामच्या विरोधी गोटात होते. उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (रजि.) यांना लेखन शिकवणाऱ्या हजरत शिफा बिन्त अब्दुल्लाह (रजि.) यांचा उल्लेख सुनन अबू दाऊदमध्ये येतो. एक स्त्री दुसऱ्या स्त्रीला लिहिण्यास शिकवत आहे आणि प्रेषित (स.) यांनी ते पसंत केले आहे. संसारात पडलेल्या आमच्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावे.

विलंब होणे आणि विलंब लावणे

आता दुसरी बाजू. उशीर झाला तरी दार उघडे आहे, हे ऐकून एखादा तरुण म्हणेल की मग घाई कशाला? नमाज चाळिशीनंतर, कुरआन हजनंतर. म्हणून विलंबाचे दोन प्रकार वेगळे करणे आवश्यक आहे.

एक विलंब असा, जो मनुष्यावर येतो. गरिबी, घराची जबाबदारी, आजारपण, शिकवणारे कोणी नसणे. आणखी एक कारण असे की अल्लाहतआलाने त्या गोष्टीसाठी वेगळी घटिका ठेवलेली असते. प्रेषितांशी आपली तुलना होऊ शकत नाही. त्यांच्या जीवनातून आपण अल्लाहची रीत शिकतो. हजरत जकरिया (अलै.) यांनी अपत्यासाठी प्रार्थना केली तेव्हा हाडे कमजोर झाली होती, केस पांढरे झाले होते, तरी ते म्हणाले की तुझ्याकडे मागून मी कधी निराश झालो नाही (सूरह मरयम, आरंभीच्या आयती). हजरत मूसा (अलै.) मिस्र सोडून मदयनला गेले आणि तेथे आठ-दहा वर्षांच्या चाकरीचा करार केला (सूरह कसस, आयत २७-२८), त्यानंतर प्रेषितत्व लाभले. आपले प्रिय प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर पहिली वह्य आली तेव्हा त्यांचे वय ४० वर्षे होते. मानवी इतिहासाचा प्रवाह बदलणारे कार्य त्यानंतरच्या २३ वर्षांत झाले. कुरआननेही ४० या वयाचा उल्लेख पूर्ण प्रगल्भतेचे वय म्हणून केला आहे. त्या वयाला पोहोचलेला नेक बंदा कृतज्ञतेची आणि सत्कर्माची तौफीक मागतो (सूरह अहकाफ, आयत १५). आपण ज्या वयाला संधी संपल्याचे वय समजतो, त्या वयात कुरआन मनुष्याच्या तोंडी पुढील कार्याची दुआ देतो.

दुसरा विलंब असा, जो मनुष्य स्वतः लावतो. ‘पाहू’, ‘करू’, ‘पुढच्या रमजानपासून’. विद्वानांनी याला ‘तस्वीफ’ असे नाव दिले आहे. याविषयी कुरआनचा सूर निराळा आहे. सूरह फातिर (आयत ३७) मध्ये जहन्नममधील लोक परत पाठवण्याची याचना करतात तेव्हा त्यांना विचारले जाते की, ज्याला बोध घ्यायचा त्याला पुरेल एवढे आयुष्य आम्ही तुम्हाला दिले नव्हते काय? आणि सहीह बुखारीतील हदीसनुसार, ज्याला ६० वर्षांपर्यंत आयुष्य मिळाले त्याच्यासाठी अल्लाहने सबबीला जागा ठेवलेली नाही.

या दोन्ही बाजूंचा समतोल सूरह हदीदच्या दहाव्या आयतीत सापडतो. मक्काविजयापूर्वी खर्च करणारे व झुंजणारे आणि विजयानंतर तसे करणारे बरोबरीचे नाहीत. आधीच्यांचा दर्जा मोठा आहे. तथापि भल्या प्रतिफळाचे वचन अल्लाहने दोघांनाही दिले आहे. म्हणजे, ज्याला लवकर शक्य आहे त्याने उशीर लावू नये, आणि ज्याला उशीर झाला त्याने स्वतःला वंचित समजू नये. तरुण वाचकाने या आयतीचा पहिला भाग लक्षात ठेवावा, आणि प्रौढ वाचकाने दुसरा.

यश म्हणजे काय?

इमाम कफ्फाल यांच्या प्रवासाचा आरंभ नावलौकिकाच्या इच्छेने झाला, हे आपण पाहिले. शेवट कसा झाला? त्यांचे थोर शिष्य काजी हुसैन सांगतात की, दर्स देताना पुष्कळदा इमामांना रडू अनावर होई. मग ते मान वर करून म्हणत की, आपल्यासमोर जे उभे आहे त्याविषयी आपण किती गाफील आहोत! ज्याला लोकांनी आपल्या कुलपाची वाहवा करावी असे वाटत होते, तो आता शेकडो शिष्यांसमोर बसूनही लोकांकडे पाहत नव्हता. त्याचे लक्ष आखिरतकडे लागले होते. नाव तर झालेच, परंतु ते मागे मिळालेली वस्तू ठरले.

उशिरा आरंभ करणाऱ्याला एक धोका असतो. तो समवयस्कांना गाठण्यासाठी धावू लागतो, आणि ते गाठले गेले नाहीत तर पुन्हा निराश होतो. ही शर्यत दीनने मांडलेलीच नाही. सहीह बुखारी आणि मुस्लिममध्ये हजरत आयशा (रजि.) यांनी कथन केलेली हदीस आहे की, कुरआनमध्ये पारंगत असलेला मनुष्य सन्माननीय फरिश्त्यांच्या संगतीत असेल, आणि जो अडखळत वाचतो, ज्याला वाचताना कष्ट पडतात, त्याच्यासाठी दोन अज्र आहेत. विद्वानांनी स्पष्ट केले आहे की, एक अज्र वाचनाचे आणि दुसरे कष्टाचे. पारंगत मनुष्याचा दर्जा यामुळे कमी होत नाही. परंतु विचार करा, ज्या अडखळण्याची आपल्याला लाज वाटते, ज्यावर मकतबमधील मुले हसली, ते अडखळणेच अल्लाहच्या दरबारात मोबदल्यास पात्र आहे. आपण ज्याला दोष समजून लपवतो, त्याची तेथे नोंद पुण्य म्हणून होत आहे.

घराचे आणि जमातीचे कर्तव्य

इमाम कफ्फाल यांच्या हकिकतीत दोन माणसे आणखी आहेत, ज्यांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत. एक ती शेजारीण आणि दुसरे ते शेख. शेजारणीने तक्रार केली; परंतु या वयात हे काय आरंभले, असे म्हणून खिल्ली उडवली नाही. शेखने अपयश ऐकून धीर दिला. त्यांनी एक उपहासाचा शब्द उच्चारला असता तर कदाचित एक इमाम कुलुपेच घडवत राहिला असता. मी नेमके तेथेच चुकलो होतो.

म्हणून ज्यांचे आरंभ वेळेवर झाले, त्यांच्याकडे काही विनंत्या आहेत.

वडिलांनो, तिशीत पोहोचलेल्या मुलाला शेजारच्या मुलाची नोकरी ऐकवू नका. कष्ट करणाऱ्याला तुलनेने गती मिळत नाही, तो फक्त लपू लागतो.

पतींनो, मुले मोठी झाल्यावर तुमची पत्नी तजवीद शिकू इच्छिते, सुटलेली दहावी पूर्ण करू इच्छिते, तर आता याचा उपयोग काय, असे विचारू नका. घरातील एक तास तिच्यासाठी मोकळा करून द्या.

मुलांनो, आजोबांचा उच्चार चुकला तर हसू नका. त्यांचे बालपण ज्या कामात गेले, त्या कामाच्या पैशातून तुमच्या वडिलांची पुस्तके आली.

आणि माझ्या इमाम बंधूंनो, प्रौढांना मुलांच्या रांगेत बसवू नका. त्यांच्यासाठी वेगळी वेळ आणि वेगळी जागा ठेवा, आणि जमातसमोर त्यांची परीक्षा घेऊ नका. स्त्रियांसाठी शिकलेल्या भगिनींकरवी स्वतंत्र हलका चालवा.

आरंभ कसा करावा?

ज्यांना कुरआनचे वाचन शिकायचे आहे त्यांच्यासाठी अनुभवावरून काही गोष्टी सांगतो. अन्य कोणत्याही राहून गेलेल्या कामालाही त्या थोड्याफार फरकाने लागू पडतात.

१. एकाच माणसाला सांगा. संपूर्ण जमातीला सांगण्याची गरज नाही. इमाम, नात, मित्र, ज्याच्याजवळ चुकण्याची भीती वाटत नाही असा एक जण पुरे.

२. रोज १५ मिनिटे द्या आणि वेळ बदलू नका. अल्लाहला सर्वाधिक प्रिय असे अमल, जे थोडे असले तरी नित्य असेल, हे हदीसने सांगितले आहे. फज्रनंतरची वेळ उत्तम.

३. जे पाठ आहे तेथून आरंभ करा. अल्फातिहा आणि लहान सूरती बहुतेकांना ऐकून पाठ असतात. त्याच सूरती पाहून वाचल्या म्हणजे अक्षरे ओळखीची वाटू लागतात आणि वर्षानुवर्षे नमाजमध्ये होत असलेल्या चुकाही सापडतात.

४. उच्चार कानाने शिका. मराठीत ‘चहा’मधला ‘च’ आणि ‘चाक’मधला ‘च’ वेगळे आहेत. लिपीत दोन्ही एकच दिसतात, तरी आपण कधी चुकत नाही, कारण ते आईच्या तोंडून ऐकले. ‘से’, ‘सीन’ आणि ‘स्वाद’ आपल्याला एकच ‘स’ वाटतात, कारण ते आपण कधी नीट ऐकलेच नाहीत. शिक्षकाच्या तोंडाकडे पाहा. घरी सरावासाठी शेख महमूद खलील अल-हुसरी यांचे शिकवण्याच्या पद्धतीने केलेले, सावकाश पठणाचे ध्वनिमुद्रण मोबाइलवर ऐकता येते. मात्र ते शिक्षकाची जागा घेऊ शकत नाही.

५. विसरलात तर ते शिक्षकाला सांगा. इमाम कफ्फाल यांनी तेच केले होते.

शेवटी

ते चरित्र वाचून झाल्यावर त्याच सायंकाळी मी चाचांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीने चहा ठेवला. मी म्हणालो, “चाचा, चूक माझी होती. मला माफ करा.” ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “मौलाना, मुलं हसली त्याचं काही नाही. नातवंडांच्या वयाची ती. पण मला वाटलं, हे आपल्या नशिबात नाहीच.” मी त्यांना कुलूपवाल्या इमामांची गोष्ट सांगितली. पंजावरील वणांचा उल्लेख आला तेव्हा त्यांनी नकळत आपला हात पाहिला.

दुसऱ्या दिवसापासून फज्रनंतर माझ्या हुजऱ्यात आमचा सबक सुरू झाला. अक्षरे ओळखण्यास चार महिने लागले. आज पावणेदोन वर्षे झाली. त्यांचा सहावा पारा सुरू आहे आणि ‘से’ अजूनही कधी कधी ‘सीन’च होतो. यासीन मात्र ते पाहून वाचतात. पहिल्यांदा पूर्ण वाचली त्या शुक्रवारी ते एकटेच कब्रस्तानात गेले होते.

मागच्या महिन्यात गावात एका घरी कुरआनखानी होती. चाचांनी पहिला पारा उचलला. सर्वांचे पारे संपले तेव्हा त्यांचा निम्माच झाला होता. शेजारी बसलेला एक तरुण आदराने म्हणाला, “द्या चाचा, उरलेला मी वाचतो.” चाचांनी मान हलवली. “नको रे बाळा, माझा मी वाचतो.” सारी बैठक थांबली. पाऊण तास लागला. त्यानंतर दुआ झाली.

हे अल्लाह! ज्यांना उशीर झाला आहे त्यांचा संकोच दूर कर, ज्यांनी उशीर लावला आहे त्यांना जागे कर, आणि जे पुढे गेले आहेत त्यांना मागून येणाऱ्यासाठी थांबण्याची तौफीक दे. आमच्या आयुष्याचा शेवट त्याच्या आरंभाहून उत्तम कर. आमीन.